विडी, निकोटिन आणि न जुळणारं हाड

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५४ वर्षांचे, यंत्रमागावर कामाला. तीस वर्षांपासून विडी, रोज एक बंडल तरी. सहा महिन्यांपूर्वी गाडीवरून पडले, डाव्या नडगीचं हाड घोट्याच्या वर मोडलं, रॉड टाकला, पण हाड अजून जुळलेलं नाही. ऑपरेशन केलेले डॉक्टर म्हणतात, आधी विडी सोडा. दुसरीकडे एका खासगी केंद्रात स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय, खर्च दीड लाख. मुलाने विचारलंय: विडीने स्टेम सेल मरतात का? मेल्या तर परत येतात का? विडी सोडवायला आणलेला निकोटिनचा गम पण तितकाच वाईट का? आणि इंजेक्शन घ्यावं का? जाता जाता लिहिलंय की आई घरीच विड्या वळते.

तुम्हाला याच आठवड्यात ठरवायचंय असं दिसतं, म्हणून उत्तर आधी देतो, कारणं मागून. इंजेक्शनचे पैसे भरू नका. विडी पूर्ण बंद करा, ‘दिवसाला दोनच’ असं नको. गम चालू राहू द्या.

मी सोलापुरात सव्वीस वर्षं हाडांच्या ऑपरेशनचं काम करतोय. पूर्व भागातले माग कामगार, रिक्षावाले, मार्केट यार्डातले हमाल, असे रुग्ण रोज समोर बसतात. मोडलेलं हाड पहिल्या दिवशी सगळ्यांचं सारखंच दिसतं. तीन महिन्यांनी एक्स-रे लावला की काहींच्या बाबतीत मला शंका येते, ‘ओढता का?’ असं विचारतो, आणि मान खाली जाते.

मूलपेशी म्हणजेच स्टेम सेल. शरीरातल्या बहुतेक पेशी एकच काम शिकलेल्या असतात. लाल पेशी प्राणवायू वाहते, स्नायूची पेशी आकसते. मूलपेशी स्वतःसारखी दुसरी तयार करते आणि गरज पडेल तसं हाड, कूर्चा (सांध्यात असते तशी लवचिक ऊती), रक्त यांपैकी काही बनते. हाडाच्या नळीतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, त्यांचे दोन गट राहतात. एक रक्त बनवणारा. आपल्या अंगात रोज सुमारे दोनशे अब्ज नव्या लाल पेशी तयार होतात, त्या या गटाच्या जिवावर. दुसरा गट हाड, कूर्चा आणि चरबी बनवणारा. या दुसऱ्या गटाच्या पेशी हाडावरच्या पातळ आवरणातही असतात, आणि फ्रॅक्चर जुळवण्यात त्या आवरणातल्या पेशींचा वाटा फार मोठा असतो.

हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. त्या गाठीतून रासायनिक निरोप सुटतात आणि मूलपेशी आवरणातून, मगजातून तिकडे निघतात. तिथे पोचून वाढतात, मऊ कूर्चा धरतात, मग त्यात कॅल्शियम बसतं आणि कडक हाड तयार होतं. त्याच वेळी नव्या रक्तवाहिन्या आत शिराव्या लागतात, नाहीतर सगळं अर्ध्यावर थांबतं. वडिलांना हे मागाच्या भाषेत सांगा, त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल. रॉड म्हणजे सांगाडा. ऑपरेशनमध्ये आम्ही हाडाची टोकं समोरासमोर आणून देतो, म्हणजे ताणा लावून देतो. विणायचं काम पेशींचं आहे. कामगारच पाळीवर आला नाही तर ताणा महिनोन्‌महिने तसाच लटकत राहील.

त्यात तुमच्या वडिलांची मोडलेली जागा मुळातच गरीब आहे. स्वतःच्या नडगीवरून हात फिरवून बघा. खालच्या भागात पुढच्या बाजूला मांस नाहीच, कातडीखाली थेट हाड लागतं. मांस नाही म्हणजे रक्तपुरवठा बेताचा. न ओढणाऱ्याचं हाडसुद्धा तिथे वेळ घेतं.

आता विडी. ‘पानाची असते, सिगारेटपेक्षा बरी’ असं मला निम्मे रुग्ण सांगतात. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते हे खरं. पण तेंदूचं पान कागदासारखं हवा आत येऊ देत नाही आणि विडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात. परिणामी निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही, बऱ्याचदा जास्तच जातं.

तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोग करणारी. हाडाच्या दृष्टीने पहिला शत्रू कार्बन मोनॉक्साइड. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. रक्तातला निम्मा निघून जायला चार ते सहा तास लागतात. तासाला एक विडी ओढणाऱ्याच्या रक्तातून तो दिवसभरात पूर्ण निघतच नाही. जिथे आधीच रक्त कमी पोचतं, तिथे पोचणारं रक्तही अर्धवट रिकामं. त्यावर धुरातले अॅक्रोलिन, फॉर्मल्डिहाइड यांसारखे दाहक पदार्थ रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला आणि पेशींना सतत इजा करत राहतात.

‘मरतात का?’ याचं प्रामाणिक उत्तर: काही मरतात, पण खरा प्रश्न मेलेल्यांचा नाही, जिवंत असून कामाला न येणाऱ्यांचा आहे. ओढणाऱ्यांच्या मूलपेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या की त्या हळू वाढतात, निरोप मिळूनही जागेवरून हलायला वेळ लावतात आणि हाडाचा चुना कमी बसवतात. नव्या रक्तवाहिन्या बनवायला मदत करणाऱ्या काही पेशी रक्तातून फिरत असतात, त्यांचा शोध १९९७ साली लागला. ओढणाऱ्यांच्या रक्तात त्यांची संख्या कमी आढळते. २००४ साली जपानमधल्या संशोधकांनी रोज ओढणाऱ्या माणसांना चार आठवडे थांबवलं आणि त्यांचं रक्त तपासत राहिले. थांबल्यावर या पेशींची संख्या भराभर वाढली. ज्यांनी पुन्हा सुरू केलं त्यांची परत पहिल्या पातळीला आली. मी हे रुग्णांना नेहमी सांगतो, कारण त्यात भीतीही आहे आणि आधारही.

रक्त बनवणाऱ्या गटाची गोष्ट वेगळी, आणि ती हाडाइतकी लवकर दिसत नाही. धुरात बेंझिन असतं, ते मगजापर्यंत पोचतं. अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग धूम्रपानाने होतो, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००४ च्या अहवालात स्पष्ट नोंदलं गेलं. अलीकडे असंही दिसलंय की एएसएक्सएल१ नावाच्या जनुकात बिघाड झालेल्या मूलपेशी ओढणाऱ्यांत जास्त सापडतात. अशी एखादी बिघडलेली पेशी मरत नाही, उलट हळूहळू आपलाच गोतावळा वाढवत नेते. वडिलांच्या पायाशी याचा थेट संबंध नाही, पण ‘विडीने फक्त फुप्फुस खराब होतं’ हा समज त्यामुळे तरी जावा.

दोन अभ्यासांचे आकडे देतो. अमेरिकेत नडगीच्या गंभीर उघड्या फ्रॅक्चरच्या, म्हणजे कातडी फाटून जखम झालेल्या फ्रॅक्चरच्या, मोठ्या अभ्यासात, ओढणाऱ्यांचं हाड जुळण्याची शक्यता न ओढणाऱ्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी निघाली, आणि हाडात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता साडेतीनपटीहून अधिक. मणक्याचे सांधे जोडण्याच्या ऑपरेशनवरचा १९८६ चा जुना अभ्यास आहे. ओढणाऱ्यांत ४० टक्के लोकांचं हाड धरलं नाही, न ओढणाऱ्यांत ८ टक्के.

ऑपरेशन टेबलावर हे डोळ्यांनी दिसतं. न जुळलेलं हाड पुन्हा उघडलं की आम्ही टोकं हळूहळू घासत, खरवडत जातो. जिवंत हाड लागलं की पांढऱ्या पृष्ठभागावर बारीक लाल ठिपके उमटतात, रक्ताचे. पाठ्यपुस्तकात त्याला पॅप्रिकाची खूण म्हणतात. मी माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना सांगतो, शेंगाचटणीत तिखट दिसतं तसं दिसेपर्यंत थांबायचं नाही. जुन्या विडीवाल्याच्या हाडात ते ठिपके दिसायला बराच वेळ लागतो. हस्तिदंतासारखं पांढरं, कोरडं टोक घासत राहायचं, सेंटीमीटरभर हाड जातं, तेव्हा कुठे लाली येते. त्या क्षणी मला नेहमी वाटतं की हा एक सेंटीमीटर वाचवता आला असता.

माझी एक चूकही इथे लिहायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक रुग्ण होता, माग कामगारच. कमरेचं हाड काढून मी त्याच्या नडगीत भरलं, ऑपरेशन मनासारखं झालं. त्याला मी ‘विडी कमी करा’ म्हणालो होतो. चौथ्या दिवशी पहाटे राऊंडला गेलो तर तो वॉर्डाच्या संडासात विडी ओढत होता. मी चिडलो, तो गप्प राहिला. हाड जुळलं नाही, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. नंतर त्याची बायको मला म्हणाली, ‘तुम्हीच म्हणालात ना कमी करा, तो वीसवरून पाचवर आला होता.’ तिचं बरोबर होतं. मी त्याला सोडायला सांगितलंच नव्हतं, आणि सोडायला मदत तर मुळीच केली नव्हती. तेव्हापासून ‘कमी करा’ हा शब्द मी वापरत नाही, आणि गमची चिठ्ठी ऑपरेशनच्या आधीच देतो.

आता निकोटिन. इथे थोडं सावकाश वाचा, कारण इंटरनेटवर सगळ्यात जास्त गोंधळ याच मुद्द्यावर आहे.

निकोटिन निर्दोष नाही. पेशींवर निकोटिन धरणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. ते फक्त मेंदूत असतात असं पूर्वी वाटायचं, पण रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणि हाड बनवणाऱ्या मूलपेशींवरही ते सापडलेत. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. सशांना नुसतं निकोटिन देऊन केलेल्या प्रयोगांत हाड जुळायला उशीर झालेला दिसतो. म्हणजे गम ही काही शेंगदाण्याची चिक्की नव्हे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रयोगशाळेत मूलपेशींवर निकोटिन टाकलं तर मात्रेप्रमाणे परिणाम उलटतो. जास्त मात्रेत पेशी मंदावतात, मरतात. कमी मात्रेत काही प्रयोगांत त्या उलट जास्त वाढलेल्या दिसतात. २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की निकोटिनमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटायला चालना मिळते. ही बातमी चांगली वाटते, पण त्याच प्रयोगांत उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठींनाही नवा रक्तपुरवठा मिळून त्या वाढल्या. म्हणून ‘निकोटिन मूलपेशींना मारतं’ हे वाक्य जितकं अर्धवट, तितकंच ‘निकोटिनने रक्तवाहिन्या वाढतात’ हेही.

मात्रेचा हिशेब समजून घ्या. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात एका मिलिलिटरला साधारण १० ते ५० नॅनोग्रॅम निकोटिन असतं. ज्या प्रयोगांत मूलपेशी धडाधड मेल्या, त्यांतल्या कित्येकांत याच्या हजारपट किंवा त्याहून जास्त निकोटिन बशीत ओतलेलं होतं. दोन मिलिग्रॅमच्या गमने रक्तात येणारं निकोटिन विडी-सिगारेटपेक्षा निम्म्याहून कमी असतं, आणि ते हळूहळू चढतं. झुरक्याचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, म्हणून तर विडीची लत इतकी घट्ट बसते. आणि गममध्ये कार्बन मोनॉक्साइड नाही, बेंझिन नाही, अॅक्रोलिन नाही.

माणसांवरचा पुरावाही आहे, आणि माझ्या लेखी तोच निर्णायक. डेन्मार्कमध्ये गुडघा किंवा खुबा बदलण्याआधी सहा ते आठ आठवडे १२० रुग्णांपैकी निम्म्यांना धूम्रपान सोडायला मदत केली, त्यात निकोटिनची औषधंही दिली. २००२ साली निकाल छापून आला. मदत न मिळालेल्यांत ५२ टक्के लोकांना ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली, मदत मिळालेल्यांत १८ टक्के. तिथल्याच दुसऱ्या प्रयोगात स्वयंसेवकांच्या अंगावर मुद्दाम छोट्या जखमा केल्या. चार आठवडे धूम्रपान सोडलेल्यांत जखम पिकण्याचं प्रमाण घटलं, आणि निकोटिनचा पॅच लावलेल्यांत व खोटा पॅच लावलेल्यांत फरक पडला नाही. हे जखमेबद्दल आहे, हाडाबद्दल नाही, हे मान्य. पण गम आणि विडी यांत निवड करायची तर मला एका मिनिटाचाही विचार करावा लागत नाही. गम दोन-तीन महिने, मग हळूहळू तोही बंद.

गम कसा चघळायचा हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि निम्मे लोक त्यामुळेच ‘उपयोग होत नाही’ म्हणून सोडतात. नेहमीच्या च्युइंगमसारखा भराभर चावायचा नाही. चार-सहा वेळा सावकाश चावा, तोंडात मिरमिरल्यासारखं झालं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. मिरमिर गेली की परत चावा. असा अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून आत जातं. थुंकीबरोबर गिळलं की पोटात जळजळ होते आणि फायदा शून्य. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा नको, कारण चहाने तोंडातली आम्लता बदलते आणि निकोटिन शोषलं जात नाही. आपल्याकडे चहा आणि विडी हातात हात घालून येतात, त्यामुळे हे कठीण जाईल, तरी पाळा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागत असेल तर दोन मिलिग्रॅम पुरत नाही. चार मिलिग्रॅमचा गम, पॅच किंवा व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या याबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. नुकताच हार्ट अॅटॅक येऊन गेला असेल किंवा पोटात अल्सर असेल तर तेही आधी सांगा.

वडील म्हणतील, ‘विडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही.’ हे खोटं नाही, निकोटिनने आतडं हलतं आणि त्याची सवय लागते. एक-दोन आठवडे त्रास होईल. कोमट पाणी, भाकरी, पालेभाजी, लागलंच तर इसबगोल. पहिले चार दिवस चिडचिड सगळ्यात जास्त, तेवढे दिवस घरातल्यांनी शब्दाला शब्द वाढवू नये. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, तिथे फोन करून बोलता येतं.

एक धोका मी फार वेळा पाहिलाय. विडी सुटते आणि माणूस तळहातावर तंबाखू-चुना मळायला लागतो. ते सोडणं नाही. त्यात धूर नसला तरी निकोटिन भरपूर असतं, आणि कर्करोग करणारे नायट्रोसामाइन थेट गालाच्या अस्तरावर बसतात. त्या अस्तराच्या तळाशीही मूलपेशीच असतात, रोज नवा थर तयार करणाऱ्या. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात तिथूनच होते. तोंडातल्या गमची जागा मळलेल्या तंबाखूने घ्यायची नाही.

‘मेलेल्या परत येतात का’ या प्रश्नाचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर हाडातून नाही, फुप्फुसातून आलंय. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी १६ जणांच्या श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी घेतल्या, एकेका पेशीपासून छोट्या वसाहती वाढवल्या आणि त्यांची जनुकं वाचली. ओढणाऱ्यांच्या बहुतेक पेशींत हजारो बदल साठलेले होते. पण ज्यांनी सोडलं होतं, त्यांच्यातल्या २० ते ४० टक्के पेशी जवळजवळ कधीच न ओढलेल्या माणसासारख्या स्वच्छ निघाल्या. सध्या ओढणाऱ्यांच्या चौपट. यांतल्या काहींनी कित्येक वर्षं ओढलं होतं. खराब झालेल्या पेशी दुरुस्त झाल्या असा याचा अर्थ नाही. कुठेतरी कोपऱ्यात काही मूलपेशी धुरापासून बचावून बसलेल्या होत्या, आणि धूर थांबल्यावर त्यांनी अस्तर पुन्हा भरून काढायला घेतलं, असं त्या संशोधकांना वाटतं. तीस वर्षं ओढणाऱ्या माणसाला ‘आता सोडून काय फायदा’ असं वाटतं ना, त्याला ही गोष्ट शांतपणे सांगा.

आता दीड लाखाचं इंजेक्शन. कल्पना खोटी नाही, हे आधी सांगतो. कमरेच्या हाडातला मगज काढून, त्यातल्या पेशी दाट करून न जुळलेल्या नडगीत सोडण्याचा अभ्यास फ्रान्समध्ये झाला. २००५ साली छापलेल्या त्या अभ्यासात ६० पैकी ५३ जणांचं हाड जुळलं. ज्या सात जणांचं जुळलं नाही, त्यांना मिळालेल्या मगजात मूलपेशींची संख्या कमी होती. हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. वडिलांच्या कमरेतला मगजही तीस वर्षं त्याच धुरात राहिलाय. त्यातून काढलेल्या पेशी, विडी चालू असताना, त्याच कोरड्या जागी सोडायच्या. आपल्याकडे मालदांडी ज्वारीची पेरणी जमिनीतल्या ओलीवर होते. ओल उडून गेलेल्या रानात महागाचं बी टाकणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

शिवाय कायद्याची आणि नीतीची बाजू आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे. बाकी सगळं मंजूर चाचणीच्या चौकटीतच करायचं, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून त्या केंद्रात जाऊन साधे प्रश्न विचारा. ही चाचणी आहे का, असल्यास क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला क्रमांक काय? पेशी कुठून काढणार, वडिलांच्याच की बाहेरच्या? नैतिकता समितीची मंजुरी दाखवाल का? पैसे कशाचे? हातातल्या शिरेतून रक्त घेऊन, फिरवून, प्लेटलेट्सचा द्रव परत टोचणं याला काही ठिकाणी स्टेम सेल म्हटलं जातं. प्लेटलेट्स म्हणजे मूलपेशी नव्हेत. उत्तर गुळमुळीत आलं तर नमस्कार करून बाहेर या.

पुढे ऑपरेशनची वेळ आलीच तर कमरेचं हाड काढून भरणं, ही जुनी पद्धत आहेच. त्या हाडाच्या चुऱ्यात जिवंत पेशी असतात, आधार असतो आणि वाढीचे निरोपही असतात. मी अजूनही पहिल्यांदा तीच निवडतो.

आईबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण माझ्या मते सगळ्यात अवघड गाठ तीच आहे. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि दोन हातांच्या अंतरावर पाय सरळ करून बसलेला, विडी सोडू पाहणारा माणूस. असं घर मी पाहिलंय, त्यात कोणाचीही सुटणार नाही. आईचं काम बंद करा असं मी म्हणणार नाही, त्यावर घर चालतं हे मला माहीत आहे. पण वळायची जागा बदला. बाहेरच्या ओट्यावर किंवा शेजारणीकडे बसू दे, तयार विड्या आणि तंबाखू डब्यात बंद, डबा वडिलांच्या नजरेआड. आईलाही तंबाखूचा त्रास आहेच. विड्या वळणाऱ्या बायका न ओढताही त्यांच्या लघवीत निकोटिनचे अंश सापडतात, ते कातडीतून आणि धुळीतून आत जातं. वळून झाल्यावर साबणाने हात, मगच पीठ मळायला घ्यायचं. तोंडावर फडकं बांधावं. घरात कोणी गरोदर असेल तर तिला या कामाला बसवू नका, निकोटिन वारेतून बाळापर्यंत जातं. आणि आई मशेरी लावत असेल, तर वडिलांबरोबर तिनेही सोडलेलं चांगलं. दोघांनी मिळून सोडलं की घरात एकाचाच जीव तळमळत नाही.

सगळा दोष विडीच्या माथी मारून मोकळं होऊ नका. हाड न जुळण्याला इतर कारणंही असतात. रॉडचे स्क्रू सैल आहेत का, आत छुपा जंतुसंसर्ग आहे का, साखर वाढलेली आहे का, ड जीवनसत्त्व कमी आहे का, हे बघायला हवं. ईएसआर आणि सीआरपी (जंतुसंसर्गासाठी), एचबीए१सी (साखरेसाठी), ड जीवनसत्त्व या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. दुखण्यासाठी रोज डायक्लोफिनॅकसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पॅरासिटामॉलवर भागतं का ते बघतील. जखमेतून पाणी येत असेल, ताप असेल, तर मात्र विडी सुटायची वाट न बघता लगेच जा.

यातलं काही निघालं नाही, तर वेळ हातात आहे. सहा महिने म्हणजे उशीर झालाय, पण ‘जुळणारच नाही’ असं म्हणायला साधारण नऊ महिने आणि शेवटचे तीन महिने एक्स-रेत काहीच प्रगती नाही, असा हिशेब धरतात. विडी बंद केल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी एक एक्स-रे, सहा आठवड्यांनी दुसरा, त्याच बाजूंनी घेतलेला, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर सीटी स्कॅन. दोन्ही फिल्म शेजारी लावून तुमच्या ऑपरेशनच्या डॉक्टरांना फटीच्या कडेचं धुरकट पांढरं वाढलंय का ते विचारा. वाढलं असेल तर वजन टाकत चालवत राहतील. अजिबात नसेल तर रॉड बदलणं आणि कमरेचं हाड भरणं याबद्दल बोलणी सुरू करा, आणि ऑपरेशनच्या आधीचे ते सहा आठवडे धुराविना गेलेत एवढं त्यांना आवर्जून सांगा.